वाडीतल्या नव्या कार्यकर्त्याला

पक्षात आलास, बरं झालं. पण ग्रामपंचायतीला पक्षाचं चिन्ह नसतं. तिथे पॅनेल, वाडी नि भावकी. निकालानंतर सरपंचावर सगळेच पक्ष दावा सांगतात, तू हसून घे. चिन्ह येतं पंचायत समिती, जिल्हा परिषदेला. तिथे एबी फॉर्म, म्हणजे पक्षाच्या अधिकृत उमेदवारीचा कागद, मिळाला तो उमेदवार, बाकी इच्छुक.

आमदाराने व्हिप, म्हणजे सभागृहात मत कसं द्यायचं याचा पक्षादेश, मोडला तर आमदारकी जाऊ शकते, हा १९८५ चा पक्षांतरबंदी कायदा. पक्षाचे एक तृतीयांश आमदार एकत्र फुटले तर आमदारकी वाचायची, ती पळवाट २००३ मध्ये बुजवली. दोन तृतीयांश आमदारांनी दुसऱ्या पक्षात विलीन होण्याची राहिली. म्हणून आकडे नीट मोजायला शीक.

आणि गणपतीत चाकरमानी आले की आरतीनंतर हळूच विचार, मतदारयादीत नाव गावात की मुंबईत?