भावाला घराचं दार बंद करायचं का?

“मॅडम, सत्याला धरून राहायचं म्हणजे आपल्याच माणसाला तोडायचं का?” सल्ल्यासाठी माझ्याकडे येणाऱ्या ख्रिस्ती कुटुंबांकडून हा प्रश्न इतक्या वेळा ऐकला आहे की आता तो लिहूनच उत्तर द्यावं असं वाटतं. कुणाची सून नव्या सभेला जाऊ लागते आणि ‘बी पेरा, देव शंभरपट देईल’ ऐकून हातातल्या बांगड्या दानपेटीत टाकून येते. कुणाच्या वडिलांना सांगितलेलं असतं की आजार राहिला याचा अर्थ तुमच्यात विश्वास नाही. घरात वाद पेटतो. अर्धं घर म्हणतं, संबंध तोडा. उरलेलं अर्धं म्हणतं, जाऊ द्या, ज्याचा त्याचा विश्वास.

एक गोष्ट आधीच सांगते. गाणी पेटीवर म्हणायची की ढोलकी-गिटारवर, प्रार्थना हळू करायची की मोठ्यानं, हे खऱ्या-खोट्या शिकवणीचे प्रश्न नाहीत. आपल्या सवयीपेक्षा वेगळं दिसलं की ते खोटं म्हणायची घाई आपल्या मंडळ्यांमध्ये, म्हणजे चर्चमध्ये, फार आहे. मी बोलते आहे ती माणसाला देवाच्या नावानं भीती घालणाऱ्या शिकवणीबद्दल.

नगर जिल्ह्यातल्या एका शिक्षिकाबाईंची हकिगत सांगते. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. बाई मंडळीच्या जुन्या सभासद, संडे स्कूल घेणाऱ्या. धाकट्या भावाला मधुमेह. तो एका प्रचारकाच्या चंगाईसभांना, म्हणजे प्रार्थनेनं आजार बरा होतो असं सांगणाऱ्या सभांना, जाऊ लागला आणि गोळ्या, इन्सुलिन सगळं बंद केलं. बाईंनी त्याला तोंडावर ‘तू खोट्या संदेष्ट्याच्या नादी लागलास’ म्हणून सुनावलं आणि घरी यायला बंदी घातली. माझ्याकडे आल्या त्या बायबल घेऊनच. योहानाच्या दुसऱ्या पत्रातलं दहावं वचन पेन्सिलीनं अधोरेखित केलेलं होतं : ही शिकवण न आणणाऱ्याला घरात घेऊ नका.

“मी वचन पाळलं,” त्या म्हणाल्या, “मग मला झोप का लागत नाही?”

मी त्यांना ते छोटं, तेरा वचनांचं पत्र पहिल्यापासून वाचायला लावलं. त्या काळी प्रचारक गावोगाव फिरत, विश्वासणाऱ्यांच्या घरी उतरत, आणि मंडळीही घरांतच भरत असे. येशू ख्रिस्त देहानं आला हे नाकारणारे लोक याच वाटेनं येत होते. त्यांना घर देणं म्हणजे त्यांच्या कामाला हातभार लावणं. योहान दार बंद करायला सांगतो ते अशा शिकवणाऱ्याला. आणि त्याच पत्रात, त्याच्या थोडंसं आधी, एकमेकांवर प्रीती करण्याची आज्ञा आहे.

“तुमचा भाऊ शिकवायला येत होता का?”

“नाही हो. रविवारी मटण खायला यायचा.”

यहूदाच्या पत्रात संशयात सापडलेल्यांवर दया करा, कित्येकांना अग्नीतून ओढून काढा असं म्हटलं आहे. फसवणारा आणि फसलेला यांना एकाच मापानं मोजायचं नसतं. बाईंना हे पटलं, पण मला अजून एक विचारायचं होतं.

“तो त्या सभेला पहिल्यांदा कधी गेला?”

त्यांनी वर्ष आठवलं आणि बोलता बोलता थांबल्या. त्याच वर्षी भावाचा कॉलेजात शिकणारा मुलगा तापानं गेला होता.

“त्यानंतर आपल्या मंडळीतून त्याच्याकडे कोण गेलं?”

“दफनविधीला सगळे होते.” थोड्या वेळानं म्हणाल्या, “नंतर... नाही. मीसुद्धा परीक्षांच्या कामात होते. त्या सभेतली माणसं मात्र रोज संध्याकाळी त्याच्याकडे बसायची.”

माझी या कामातली ठाम धारणा आहे की चुकीची शिकवण बहुतेक वेळा डोक्यातून शिरत नाही, न भरलेल्या जखमेतून शिरते. म्हणून आधी जखम शोधायची. बायबलच्या प्रकटीकरण या पुस्तकातली इफिसची मंडळी बघा. खोट्या प्रेषितांना पारखून ओळखल्याबद्दल प्रभू तिची वाखाणणी करतो, आणि लगेच म्हणतो, तू आपली पहिली प्रीती सोडलीस. शिकवण चोख राखूनही मंडळी रिकामी होऊ शकते.

बाईंनी भावाला बोलावलं. पहिल्या भेटीत प्रचारकाचं नावही काढायचं नाही, मुलाबद्दल बोलायचं, एवढंच ठरलं होतं. काही भेटींनंतर दोघं माझ्याकडे आले. भावाच्या (मी त्यांना दादा म्हणते) पायाच्या अंगठ्याजवळ जखम होती. मोज्यावर डाग दिसत होता. मी आधी डॉक्टरांचं बोलले, कारण अशी जखम थांबून राहत नाही. ते मान हलवत राहिले.

“गोळी घेतली तर देव म्हणेल, याचा माझ्यावर विश्वास नाही.”

मी वाद घातला नाही. तीमथ्याला लिहिलेल्या दुसऱ्या पत्राचा चौथा अध्याय काढून दिला आणि विसावं वचन वाचायला सांगितलं. प्रेषित पौल लिहितो की त्याचा सोबती त्रफिम आजारी होता, त्याला मिलेतात ठेवलं.

त्यांनी वाचलं, पुन्हा वाचलं.

“दादा, पौलाचा विश्वास कमी पडला का?”

“पौलाचा कसा कमी पडेल?”

“मग त्रफिमाचा?”

ते बराच वेळ पानाकडे बघत राहिले. मग जे बोलले ते मी आयुष्यभर विसरणार नाही. “म्हणजे माझा मुलगा... माझ्या अविश्वासामुळे गेला नाही?”

तेव्हा उलगडा झाला. मुलगा दवाखान्यात असताना त्यांना कोणीतरी सांगितलं होतं, बापाचा विश्वास पुरा असता तर पोरगं वाचलं असतं. तेव्हापासून हा माणूस स्वतःच्या शरीरावर विश्वास सिद्ध करत होता. बहीण औषधावरून भांडत होती आणि तो मुलाच्या मरणाची शिक्षा भोगत होता. मला आतून जाणवलं होतं की इन्सुलिनच्या खाली दुसरं काहीतरी आहे, आणि या जाणिवेवर विसंबून थांबता आलं याचं मला आजही समाधान आहे. योहानाच्या शुभवर्तमानाचा नववा अध्याय बाईंनी स्वतः उघडला. तिथं एका जन्मांध माणसाबद्दल येशू म्हणतो : ह्यानं पाप केलं नाही, ह्याच्या आईबापांनीही नाही. त्या वाचत होत्या आणि भाऊ तोंडावर रुमाल धरून रडत होता.

दुसऱ्या दिवशी बहीणच त्याला दवाखान्यात घेऊन गेली.

ज्यांच्या घरी असं चाललं आहे त्यांना माझं सांगणं आहे. औषध बंद झालं असेल तर शास्त्रार्थ संपायची वाट पाहू नका, त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा. इन्सुलिन सुटलं तर जीव काही दिवसांतही धोक्यात येऊ शकतो. मायेपोटी गप्प बसणं ही प्रीती नाही. पण सत्य सांगायचं ते चारचौघांत नको. बायबलमधल्या अपुल्लो या प्रचारकाची शिकवण अपुरी होती, तेव्हा प्रिस्किल्ला आणि अक्विल्ला यांनी त्याला आपल्याकडे नेऊन नीट समजावलं. आणि औषधाला अविश्वास म्हणणाऱ्याला आपला इतिहास सांगा. शुभवर्तमान लिहिणारा लूक वैद्य होता. मिरजेत १८९४ साली मिशनरी डॉक्टर वानलेस यांनी हॉस्पिटल उभारलं ते प्रार्थना करतच. आपल्या कितीतरी आज्या-पणज्या मिशन दवाखान्यांत नर्स होत्या आणि त्याला त्या प्रभूची सेवाच म्हणत.

दादा अजून त्या सभेला अधूनमधून जातात. बाईंना ते खुपतं. “जाऊ नकोस म्हणून सांगू का?” त्यांनी मला विचारलं. मी म्हटलं, तिथून आल्यावर काय ऐकलंत ते विचारा, आणि दोघं मिळून शास्त्रात बघा. पाळकसाहेबही आता दर महिन्याला त्यांच्याकडे जातात.

मध्यंतरी त्या प्रचारकानं बाईंच्या घरी सभा ठेवायची परवानगी मागितली. निरोप दादांनीच आणला. बाई म्हणाल्या, “सभेला माझं घर मिळणार नाही, आणि का ते मी त्यांना स्वतः फोन करून सांगेन. तू मात्र रविवारी जेवायला ये.” पहिल्या रविवारी तो आला नाही, रुसला होता. त्यानंतरच्या रविवारी बायकोला घेऊन आला.