आधी नाव विचार

पोरी,

तुझा मेसेज वाचला. तुमच्या बँडनं ‘मी डोलकर’ नव्यानं रेकॉर्ड केलंय, खाली ‘पारंपरिक कोळीगीत’ असं टाकायचं ठरलंय, आणि आता पुढच्या कामासाठी मी लोकसंगीताचे ऐकण्यासारखे पंचवीस अल्बम सुचवावेत, असं तुझं म्हणणं. शेवटी तू लिहिलंयस, ‘फोनवर जगातलं सगळं पडलंय, म्हणूनच कुठून सुरू करू ते कळत नाही, आणि मुंबईत वाढलेल्या माझं त्यात आहे तरी काय?’ ते वाचून राहवलं नाही. तुझा गळा कसा आहे ते तुलाही ठाऊक आहे आणि मलाही, त्यावर शब्द खर्चत नाही.

‘मी डोलकर’ पारंपरिक नाही. शब्द शांता शेळक्यांचे, चाल हृदयनाथ मंगेशकरांची, गायलंय लता मंगेशकर आणि हेमंतकुमार यांनी. शांताबाई इंदापुरात जन्मलेल्या आणि मुंबईच्या कॉलेजात मराठी शिकवणाऱ्या. त्यांनी दर्यावरची बोली अशी काही उतरवली की ते गाणं आज कोळीवाड्यातल्या हळदीतही वाजतं आणि ते कुणी लिहिलं असेल अशी कुणाला शंकाही येत नाही. लिहिणाऱ्याला याहून मोठं यश नाही. आणि त्या यशाचीच शिक्षा म्हणून तिचं नाव पुसायचं? अगं, नाव विचारायला हवं होतं. गाणं बसवण्याआधी, रेकॉर्डिंगची तारीख घेण्याआधी.

म्हणून पंचवीस अल्बम मी देणार नाही. थोडेच सांगतो, पण प्रत्येकाबरोबर तुला एक काम आहे. कोण गातंय, कुणी लिहिलं, कोण वाजवतंय, कुठल्या गावचं, कशाच्या निमित्तानं गायलेलं, हे कळल्याशिवाय पुढच्या अल्बमला हात लावायचा नाही.

लोकसंगीताला कर्ता नसतो, हे आपल्याकडे कुणी पसरवलं कोण जाणे. जुने लोक तर नाव गाण्यातच ओवून ठेवायचे. तुका म्हणे, नामा म्हणे, जनी म्हणे. होनाजी बाळा काय, सगनभाऊ काय, लावणीच्या शेवटी आपलं नाव घातल्याशिवाय उठत नसत. बंगालात लालन फकिराचं पद ऐक, शेवटाला लालन आहेच. कबीर तर ‘सुनो भाई साधो’ म्हणत स्वतःचं नाव सांगूनच निरोप घेतो. या माणसांना आपलं नाव राहावं असं वाटत होतं. ते खोडायचा अधिकार आपल्याला नाही.

आता बाहेरचं एक ऐक. १९५२ साली हॅरी स्मिथ नावाच्या अमेरिकन माणसानं १९२७ ते १९३२ या काळातल्या ८४ जुन्या रेकॉर्डी निवडल्या आणि फोकवेज कंपनीनं ‘अँथॉलॉजी ऑफ अमेरिकन फोक म्युझिक’ काढली. सगळी ऐक, पण सोबतची पुस्तिका समोर ठेवून. गायक कोण, कधी गायलं, मूळ रेकॉर्डचा क्रमांक काय, स्मिथनं सगळं लिहून ठेवलंय. त्यात मिसिसिपी जॉन हर्टची दोन गाणी आहेत. हा शेतावर राबणारा काळा माणूस. १९२८ साली थोडी गाणी रेकॉर्ड केली, ती फारशी खपली नाहीत, तो परत शेताकडे वळला. पुढे नव्या पिढीनं ती ऐकली, तेव्हा हा कधीच वारला असणार असं सगळे धरून चालले होते. त्याच्या आणखी एका जुन्या गाण्यात, ‘अ‍ॅव्हलॉन ब्लूज’मध्ये, गावाचं नाव होतं. ते धरून १९६३ मध्ये एक तरुण शोधत तिथं गेला, तर सत्तरीतला हर्ट जिवंत! त्याच वर्षी तो न्यूपोर्टच्या महोत्सवात गायला. १९६६ साली गेला. मधली तीन वर्षं त्याला आणि आपल्याला मिळाली, ती कुणीतरी नाव-गाव विचारल्यामुळे.

उलटंही घडतं. दक्षिण आफ्रिकेत सॉलोमन लिंडानं १९३९ साली ‘म्बुबे’ रेकॉर्ड केलं आणि हक्क १० शिलिंगांना विकले. त्याच चालीवर १९६१ साली ‘द लायन स्लीप्स टुनाइट’ जगभर गाजलं. दुसऱ्याच वर्षी लिंडा गरिबीत वारला. मुलींना कोर्टकचेरी करून तडजोड पदरात पडली ती २००६ साली. ऐक ते मूळ गाणं. शेवटाकडे तो उंच सुरात जी ओळ टाकतो, तिच्यावर पुढं किती जणांनी पैसा केला याचा विचार करत ऐक.

आपल्याकडचं सर्वांत मोठं काम कुठल्या कंपनीनं केलेलं नाही. हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी महाराष्ट्रातल्या हजाराहून जास्त गावांतून एक लाखाहून जास्त जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या. आता ‘परी’ म्हणजे ‘पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया’च्या संकेतस्थळावर त्या ऐकायला मिळतात. तिथं ओवीसोबत बाईचं नाव आहे, गाव आहे. त्यांच्यापैकी कुणी स्वतःला कलावंत म्हणवलं नसेल, तरी नावं आहेत. आणि स्टुडिओत बसून गाणं करणाऱ्या तुम्हाला एक नाव शोधायचा कंटाळा?

रागावलो. राहू दे. तुझा दुसरा प्रश्न, मुंबईचं यात काय? लावणीसम्राज्ञी सुलोचना चव्हाण गिरगावच्या फणसवाडीत जन्मल्या. ‘माझी मैना गावावर राहिली’ ही छक्कड लिहिणारे अण्णाभाऊ साठे घाटकोपरच्या चिरागनगरात राहिले. ती विठ्ठल उमपांच्या आवाजात ऐक आणि मग ठरव तुझं त्यात काही आहे की नाही. परळ-लालबागला सवाल-जवाबाच्या गाण्यांतून शक्तीवाले आणि तुरेवाले हे दोन पक्ष रात्र रात्र भांडले, ते तुझ्या घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर. वाईच्या यमुनाबाई वाईकरांची बैठकीची लावणी मात्र घाईत ऐकू नकोस. त्या १९१५ ते २०१८ अशा शंभरी ओलांडून जगल्या. एकाच ओळीला त्या किती तऱ्हांनी वळवतात, ते कळायला तुला महिना लागेल. लागू दे.

आता माझं. मी कॅसेटच्या जमान्यात ढोलकी वाजवून संसार केला. आतल्या कागदावर गायकाचं नाव, संगीतकाराचं नाव, कंपनीचा पत्ता, सगळं असायचं, वाजवणारे नसायचे. एकदा मी अडून बसलो, नाव छापणार असाल तरच वाजवीन. ‘ढोलकीवाल्याचं नाव बघून कॅसेट कोण घेतो?’ असं उत्तर आलं. त्यानंतर बरीच कामं गेली. घरात ओढाताण झाली, बायकोनं ती निमूट सोसली, सोबत्यांनी आडमुठा म्हटलं. म्हणोत. ती वेळ पुन्हा आली तर मी तेच करीन. माझे वस्ताद लालबागच्या हनुमान थिएटरात वाजवायचे, कितीतरी रेकॉर्डींवर त्यांचा हात आहे आणि एकाही कव्हरवर नाव नाही. नातवाला वाजवून दाखवतो आणि सांगतो, हे वस्ताद. पुरावा काय, तर माझा शब्द. मी गेल्यावर तोही नाही. त्यामुळे या बाबतीत मला समजूतदारपणा शिकवू नकोस.

‘अ मीटिंग बाय द रिव्हर’ तू ऐकलंयस, मला माहीत आहे. विश्वमोहन भट्ट आणि राय कूडर, १९९३. सगळे ही दोनच नावं घेतात. तबल्यावर सुखविंदर सिंग नामधारी होते आणि डुंबेक या तालवाद्यावर कूडरचा मुलगा योआकिम. पुन्हा लाव आणि या वेळी फक्त तबला ऐक. दोन गिटारी एकमेकींना अजमावत असतात, तेव्हा जमीन कोण धरून ठेवतंय ते कळेल. नंतर जैसलमेरकडच्या हमीरा गावचे साकर खाँ. कमायचा हे गजानं वाजवायचं तंतुवाद्य, त्यांचं ते वादन ‘अ‍ॅट होम’ नावाच्या अल्बमवर आहे. आतड्याच्या तारांचा तो खरखरीत, भरलेला आवाज तुमच्या गिटारवाल्या मुलाला मुद्दाम ऐकव.

आणि नाव खरंच सापडलं नाही तर? असं होतं, नेहमी होतं. मग ज्या बाईकडून ऐकलंस तिचं नाव लिही, तिच्या गावाचं लिही, ज्या कॅसेटवरून उचललंस ती कुणी गायली ते लिही. तिला तिच्या गाण्यासाठी पैसे मिळायला हवेत, तेही बघ. ‘पारंपरिक’ हे शेवटी, सगळे दरवाजे ठोठावून झाल्यावर.

‘मी डोलकर’ अपलोड होण्याआधी नावं घाला आणि परवानगीचं काम रीतसर करा. चोर बाजारातल्या मटन स्ट्रीटवर जुन्या रेकॉर्डी मिळतात, तिथं सकाळी लवकर जा, कव्हरसकट घे, कव्हर फाटलेलं असेल तर लेबल वाच. लावणीची एखादी मिळाली आणि ढोलकीवाल्याचं नाव कुठंच नसेल, तर फोनवर मला दोन मिनिटं वाजवून दाखव. मुंबईतले पुष्कळ हात मी अजून ओळखतो. आणि मी सांगेन ते तिथल्या तिथं लिहून घे.

तुझा,
काका