नवीन डिस्क टाकूनही ब्रेक दाबल्यावर स्टीअरिंग का थरथरतं?

तुम्ही लिहिलंय की पुढच्या दोन्ही डिस्क बदलल्यावर थरथर गेली, पण चार महिन्यांत परत आली आणि मेकॅनिक म्हणतोय, ‘डिस्क पुन्हा वाकली.’ माझ्या मते डिस्क वाकलेली नाही, ती मुळात तिरकी बसली आहे.

बिडाची डिस्क रोजच्या वापरात सहसा वाकत नाही. बिघडते ती तिची जाडी. हबच्या (चाक आणि डिस्क ज्यावर बसतात तो भाग) तोंडावर गंज किंवा कचऱ्याचा कण राहिला की डिस्क किंचित तिरकी बसते, आणि हबवरचा फरक बाहेरच्या कडेला वाढलेला असतो. मग ब्रेक दाबलेला नसतानाही प्रत्येक फेऱ्याला डिस्कचा एकच भाग पॅडला (डिस्कला दाबून धरणारी ब्रेकची पट्टी) घासून जातो. काही हजार किलोमीटरमध्ये तो भाग झिजतो. जाडीत ०.०२ मिमी फरक पडला तरी हाताला जाणवतो. म्हणूनच त्रास लगेच नाही, काही महिन्यांनी सुरू होतो.

त्यामुळे नुसती डिस्क बदलणं किंवा लेथवर टर्निंग करून (पृष्ठभाग कातून सपाट करून) घेणं म्हणजे पैसे वाया. आधी डिस्क काढून हबचं तोंड वायर ब्रश आणि एमरी पेपरने चकचकीत करा, बोल्टच्या मुळाशी असलेला गंजही काढा. डिस्क सगळ्या नटांनी, वॉशर घालून, घट्ट आवळा आणि बाहेरच्या कडेपासून १० मिमी आत डायल गेज (डिस्क किती डगमगते ते दाखवणारं काट्याचं मोजयंत्र) लावून डिस्क हाताने फिरवा. काट्याचा फरक ०.०५ मिमीच्या आत असेल तर उत्तम. जास्त आलं तर डिस्क एक भोक पुढे फिरवून बसवा आणि पुन्हा मोजा. बऱ्याचदा एवढ्यानेच जमतं. तरीही कमी होत नसेल तर हब किंवा बेअरिंग तपासा.

चाकाचे नट एअर गनने ठोकून आवळू देऊ नका. समोरासमोरचे नट घेत, दोन टप्प्यांत, टॉर्क रेंचनेच (ठरावीक जोराने आवळणारा पाना). छोट्या गाड्यांना साधारण ८५ ते ११० न्यूटन-मीटर लागतात, नेमका आकडा गाडीच्या पुस्तिकेत बघा.

दुसरं कारण घाटातलं. सतत ब्रेक दाबून उतरलात आणि डिस्क तापलेली असताना पेडल दाबून उभे राहिलात, की पॅडचा मसाला त्या जागी चिकटतो. तिथे पकड वेगळी, म्हणून झटका. फारच तापली तर त्या डागाखालचं बीड कडक होतं. असा कडक डाग टर्निंगनेही पूर्ण जात नाही, डिस्क बदलावीच लागते. दुसऱ्या गिअरमध्ये उतरा, ब्रेक दाबून सोडत राहा, आणि घाटाखाली थांबताना पेडलऐवजी हँडब्रेक वापरा.

कॅलिपर (पॅड डिस्कवर दाबणारा भाग) ज्यांवर सरकतो त्या स्लाइड पिनाही हाताने सहज सरकल्या पाहिजेत. अडकलेली पिन पॅडला डिस्कवर दाबून ठेवते. तिथे ब्रेकसाठीचंच सिलिकॉन ग्रीस लावा, साध्या ग्रीसने रबर फुगतं.