कारचा चार्जर स्कूटरला चालेल का?

प्रश्न: मुलगा परदेशी असतो. त्याची छोटी कार महिना-महिना पार्किंगमध्ये उभी राहते आणि दर वेळी बॅटरी उतरलेली असते. भाऊ म्हणतो, १० अँपिअरचा स्मार्ट चार्जर घे, स्कूटरलाही होईल. घेऊ का?
– एक वाचक, सातारा

उत्तर: ताई, भावाला जरा थांबवा. कारच्या बॅटरीवर ३५ अँपिअर-अवर (म्हणजे तिची साठवण) लिहिलेलं असेल, तर त्याच्या दशांश, म्हणजे साडेतीन-चार अँपिअरचा चार्जर पुरे. स्कूटरची बॅटरी जेमतेम चार-पाचची. तिला १० अँपिअर देणं म्हणजे तान्ह्या बाळाला पुरणपोळी! १ आणि ४ अशी दोन बटणं असलेला बघा. लिथियम बॅटरी असेल तर चार्जरवर तसा मोड हवाच.

बंद गाडीतही अलार्म, सेंट्रल लॉक जागे असतात. ३० मिलिअँपिअर जरी ओढले, तरी महिन्यात २१ अँपिअर-अवर गेले, निम्म्याहून जास्त. तेव्हा पंधरवड्याला एकदा चार्जर लावा.

आमच्या गॅरेजातला जुना चार्जर रात्रभर करंट रेटत राही. सकाळी बॅटरी तापलेली आणि आंबट वास. स्मार्ट चार्जर १४.४ व्होल्टच्या आसपास पोचला की करंट कमी करत जातो, मग साडेतेरावर नुसता धरून ठेवतो. 'रिकंडिशन'चं, म्हणजे थकलेली बॅटरी सुधारण्याचं बटण मात्र बॅटरी गाडीत जोडलेली असताना दाबू नका. त्यात व्होल्टेज १५च्या वर जातं, गाडीतल्या इलेक्ट्रॉनिक्सला ते झेपेलच असं नाही.

चिमटे लावण्याचा क्रम मी शर्ट गमावून शिकलो. उमेदवारीत चार्जर चालू असतानाच चिमटा ओढला. ठिणगी, फाट् आवाज आणि झाकण उडालं! चार्ज होताना हायड्रोजन निघतो ना. डोळे वाचले, पण उडालेल्या आम्लानं शर्टाची दुसऱ्या धुण्यात चाळण झाली. तर आधी लाल चिमटा धन टर्मिनलला, मग काळा बॅटरीपासून लांब, इंजिनच्या रंग नसलेल्या बोल्टला, आणि शेवटी भिंतीवरचं बटण. काढताना उलट, म्हणजे आधी बटण. फुगलेल्या किंवा गळणाऱ्या बॅटरीला चार्जर लावूच नका.

चार्जर काढून रात्रभर थांबा, मग व्होल्टमीटर लावा. १२.६ व्होल्ट दिसले तर उत्तम. १२.२च्या खाली असेल तर बॅटरीच संपली असं समजा, चार्जर परत करायला दुकानात जाऊ नका.