स्पर्धेआधीच्या मालिकेचे मोल: वाचकांच्या शंका

इंग्लंडच्या २०२५ च्या भारत दौऱ्याविषयी आणि त्यापाठोपाठ झालेल्या चॅम्पियन्स करंडक या पन्नास षटकांच्या स्पर्धेविषयी बरीच पत्रे आली. त्यांतील चार पत्रांना येथे उत्तरे देत आहे.

भारताने इंग्लंडला ट्वेंटी-२० मालिकेत ४-१ आणि एकदिवसीय मालिकेत ३-० असे नमवले आणि महिन्याभरात करंडकही जिंकला. मग स्पर्धेआधीच्या मालिकेचा निकाल हाच स्पर्धेचा अंदाज मानायला काय हरकत आहे? (एक वाचक, कोथरूड)

हरकत आहे, आणि ती २०२३ च्या ऑस्ट्रेलियाची आहे. त्या वर्षी सप्टेंबरमध्ये हा संघ दक्षिण आफ्रिकेतील मालिका शेवटचे तीन सामने गमावून २-३ ने हरला, भारतात येऊन मोहाली आणि इंदूरलाही हरला, आणि राजकोटचा एकच सामना जिंकून विश्वचषकात उतरला. पुढे विश्वचषकातील पहिले दोन सामनेही त्यांनी गमावले, आणि त्यानंतर सलग नऊ सामने जिंकून १९ नोव्हेंबरला अहमदाबादेत चषक उचलला. निकालांवर भिस्त ठेवणाऱ्याने त्यांना सप्टेंबरातच मोडीत काढले असते. पण त्याच पराभवांच्या काळात मार्नस लाबुशेन संघात परतला होता. आफ्रिका दौऱ्याच्या मूळ एकदिवसीय संघात त्याचे नाव नव्हते. पहिल्या सामन्यात कॅमेरॉन ग्रीनच्या डोक्याला चेंडू लागला म्हणून तो बदली खेळाडू म्हणून उतरला, नाबाद ८० धावा करून सामना जिंकून दिला, पुढच्या सामन्यात शतक ठोकले आणि अखेरीस विश्वचषकाच्या संघात शिरला. अंतिम सामन्यात ट्रॅव्हिस हेडच्या १३७ धावांना दुसऱ्या टोकाकडून आधार देणारी नाबाद ५८ धावांची खेळी त्याचीच.

तेव्हा अशा मालिकेत आकडा किती-किती झाला यापेक्षा संघाच्या कोणत्या अडचणी सुटल्या आणि कोणत्या तशाच राहिल्या, हे पाहावे. इंग्लंडची अडचण नागपूरच्या पहिल्याच एकदिवसीय सामन्यात उघडी पडली होती. फिल सॉल्ट आणि बेन डकेट यांनी नऊ षटकांच्या आत बिनबाद ७५ धावा कुटल्या, सॉल्ट धावचीत झाला आणि बघता बघता ३ बाद ७७ अशी अवस्था झाली. अहमदाबादलाही सुरुवात धडाक्याची आणि नंतर घसरगुंडी, हाच प्रकार घडला. त्याच दौऱ्यात जेकब बेथेल जायबंदी होऊन स्पर्धेला मुकला. चॅम्पियन्स करंडकात इंग्लंडने लाहोरला ऑस्ट्रेलियाविरुद्ध ३५१ धावा केल्या खऱ्या, पण तो सामना आणि उरलेले दोन्ही गटसामने हरून ते परतले आणि जॉस बटलरने कर्णधारपद सोडले.

भारताकडे पाहा. अक्षर पटेलला पाचव्या क्रमांकावर आणि के. एल. राहुलला सहाव्या क्रमांकावर पाठवण्याचा घाट नागपूर आणि कटकला घातला गेला, तेव्हा टीकेची झोड उठली. राहुल दोन्ही वेळा स्वस्तात बाद झाल्याने टीकाकारांना आयते कोलीतही मिळाले. पण संघ व्यवस्थापनाने तोच क्रम करंडकाच्या दुबईतील सामन्यांत कायम ठेवला. न्यूझीलंडविरुद्धच्या गटसामन्यात ३ बाद ३० अशी अवस्था असताना श्रेयस अय्यर आणि अक्षर यांनी डाव सावरला, तर उपांत्य आणि अंतिम या दोन्ही सामन्यांत विजयाच्या वेळी राहुल नाबाद होता. श्रेयसला तर नागपूरला संधीच मिळाली ती विराट कोहलीचा गुडघा दुखावल्यामुळे. त्याने ३६ चेंडूंत ५९ धावा केल्या आणि पुढे स्पर्धेत भारतातर्फे सर्वाधिक २४३ धावा त्याच्याच झाल्या.

वरुण चक्रवर्ती करंडकासाठी आधी जाहीर झालेल्या संघात नव्हता. मग तो ऐनवेळी कसा आला? नियम त्याला मुभा देतो का? (एक वाचक, निगडी)

देतो. आधी जाहीर होतो तो तात्पुरता संघ असतो. ठरावीक मुदतीपर्यंत मंडळाला त्यात हवे ते बदल करता येतात, त्यानंतर मात्र दुखापतीसारखे कारण दाखवून स्पर्धेच्या तांत्रिक समितीची मंजुरी घ्यावी लागते. वरुणने ट्वेंटी-२० मालिकेत १४ बळी घेतले, त्या बळावर त्याला एकदिवसीय संघात ओढले गेले, आणि ९ फेब्रुवारीला कटकला त्याने एकदिवसीय पदार्पण केले. दोनच दिवसांनी यशस्वी जैस्वालच्या जागी तो करंडकाच्या संघात होता. दुबईत तो तीनच सामने खेळला आणि नऊ बळी घेऊन गेला, त्यांपैकी पाच न्यूझीलंडविरुद्धच्या गटसामन्यातले. उपांत्य सामन्यात हेडला बाद करणाराही तोच. पन्नास षटकांचा आंतरराष्ट्रीय अनुभव जवळजवळ नसलेल्या गोलंदाजाला घेणे हा जुगारच होता, पण इंग्लंडचे फलंदाज त्याचा चेंडू हातातून ओळखू शकत नाहीत हे निवड समितीने ट्वेंटी-२० मालिकेत डोळ्यांनी पाहिले होते.

३१ जानेवारीला गहुंजेला मी प्रेक्षकांत होतो. शिवम दुबेच्या जागी हर्षित राणा गोलंदाजीला आला, हे रास्त होते का? (एक वाचक, चिंचवड)

नियमात बसणारे होते, रास्त नव्हते. पुण्याजवळच्या गहुंजेतील त्या चौथ्या ट्वेंटी-२० सामन्यात भारताच्या डावाच्या अखेरच्या षटकात जेमी ओव्हरटनचा चेंडू दुबेच्या हेल्मेटवर आदळला. अशा वेळी बदली खेळाडू शक्यतो त्याच धाटणीचा असावा आणि त्याच्या येण्याने संघाचा अवाजवी फायदा होऊ नये, अशी अट आहे. निर्णय सामनाधिकाऱ्याचा आणि तो अंतिम असतो. दुबे हा फलंदाजी करणारा आणि अधूनमधून मध्यमगती टाकणारा खेळाडू, तर राणा हा निव्वळ वेगवान गोलंदाज. रमणदीप सिंगसारखा जवळचा पर्याय संघात असताना राणा आला, त्याने तीन बळी घेतले आणि भारत १५ धावांनी जिंकला. बटलरची चिडचिड मला तरी समजण्याजोगी वाटली. जसप्रीत बुमरा पाठीच्या दुखण्यामुळे करंडकाला मुकला तेव्हा त्याची जागा राणालाच मिळाली, हेही नोंदवायला हवे. तसे पाहता, संघात जागा पक्की करायला गहुंजे पूर्वीही कोणाला तरी उपयोगी पडले आहे: १५ जानेवारी २०१७ ला इंग्लंडच्याच ३५० धावांचा पाठलाग करताना आपल्या केदार जाधवने ७६ चेंडूंत १२० धावा केल्या आणि त्याच वर्षी तो चॅम्पियन्स करंडक खेळला.

पन्नास षटकांच्या स्पर्धेआधी पाच ट्वेंटी-२० सामने कशासाठी? त्यापेक्षा चार सराव सामने खेळवलेले बरे नाहीत का? (एक वाचक, सदाशिव पेठ)

दौऱ्यांची वेळापत्रके काही वर्षे आधी आखली जातात आणि ट्वेंटी-२० सामन्यांना प्रक्षेपणाचा चांगला पैसा मिळतो, हे त्याचे सरळ उत्तर. एकदिवसीय सामने तीनऐवजी पाच असते तर मलाही आवडले असते. पण सराव सामने हा पर्याय नव्हे. तेथे पंधराच्या पंधरा जणांना आलटून पालटून खेळवता येते, त्यामुळे अकरा जण निवडण्याची खरी कसोटी तेथे लागत नाही, आणि तेही होतीलच याची खात्री नसते: २०२३ च्या विश्वचषकाआधी गुवाहाटी आणि तिरुवनंतपुरम येथील भारताचे दोन्ही सराव सामने एकही चेंडू न पडता पावसात वाहून गेले. ऑस्ट्रेलियाविरुद्धचे तीन सामने झाले नसते तर भारत आशिया चषकानंतर थेट चेन्नईच्या मैदानावर उतरला असता.