वाचक विचारतात : कॉफीवाली स्टाऊट चाखायची कशी?

प्रश्न : भावाने अमेरिकेहून ब्रेकफास्ट स्टाऊट या काळ्याभोर बीअरच्या दोन बाटल्या आणल्या. एक फ्रिजमधून काढून तशीच तोंडाला लावली, तर करपट कडूपणापलीकडे काही कळलंच नाही. दुसरी वाया जाऊ नये म्हणून काय करावं? ही खरंच सकाळी प्यायची असते का?

उत्तर : सकाळी नाही हो. ओट्स आणि कॉफी ही न्याहारीची मंडळी, म्हणून ते नाव. या प्रकारातली सर्वांत प्रसिद्ध बीअर मिशिगनमधल्या ग्रँड रॅपिड्सच्या फाउंडर्स या ब्रूअरीची. तिच्यात ओट्सचे पोहे, चॉकलेट, सुमात्रा आणि कोना कॉफी असते, अल्कोहोल ८.३ टक्के. म्हणजे ३५५ मिलीच्या बाटलीत सुमारे २९ मिली शुद्ध अल्कोहोल. ५ टक्क्यांच्या ६५० मिली बाटलीच्या जवळपास तेवढंच. एक बाटली दोघांत घ्या. कॉफी आहे म्हणून नशा कमी चढेल, या भ्रमात राहू नका.

तुमचा घोटाळा झाला तो थंडपणामुळे. चार अंशांवर वास दबतो, गोडवा लपतो आणि कडूपणा तेवढा पुढे येतो. शिवाय बाटलीने प्यायलं की नाकाला काही मिळतच नाही. बाटली फ्रिजबाहेर काढून २०-२५ मिनिटं ठेवा; १० ते १३ अंश हवेत. ग्लास वाईनचा चालेल, पण साबणाचा किंवा तेलाचा अंश नको, फेस लगेच बसतो. ग्लास तिरका धरून १२० मिली ओता, शेवटी सरळ करून बोटभर तपकिरी फेस येऊ द्या. आधी वास घ्या, कारण कॉफीचा सुगंध सगळ्यात आधी उडतो. मग छोटा घोट जिभेवर फिरवा, गिळा आणि श्वास नाकाने सोडा. तोंडात जाणवणारा मऊ दाटपणा ओट्सचा. मागे राखेसारखा कोरडेपणा राहतो तो भाजलेल्या बार्लीचा आणि कॉफीचा; जिभेच्या मुळाशी कडूपणा रेंगाळतो तो हॉप्सचा, म्हणजे बीअरमध्ये घालतात त्या कडू फुलांचा. चॉकलेट उशिरा, ग्लास कोमट होत गेल्यावर येतं, म्हणून घाई नको. आणि त्याआधी ठेचा-भाकरी तर नकोच.

प्रश्न : एका ब्रूपबमध्ये (तिथेच बीअर बनवणाऱ्या पबमध्ये) कॉफी स्टाऊटला ढोबळी मिरचीचा वास आला. बिघडली होती का?

उत्तर : आजारी पडण्यासारखी नव्हे. ढोबळी मिरचीला तिचा वास देणारं पायराझिन नावाचं रसायन कच्च्या कॉफीतही असतं. कॉफी हलकी भाजलेली असली किंवा बीअरमध्ये फार वेळ मुरली की ते जाणवतं. बीअर जुनी झाली की भाजका सुगंध ओसरतो आणि ते उघडं पडतं. ओल्या पुठ्ठ्याचा वास मात्र हवा लागल्याचा, व्हिनेगरचा जंतूंचा. तो ग्लास बिनदिक्कत परत करा.

प्रश्न : साध्या स्टाऊटमध्ये घरी कॉफी घातली तर?

उत्तर : जरूर, पण इन्स्टंट नको, पूड पडताच फेस उतू जातो. फिल्टर कॉफीच्या पाकिटावर चिकोरी आहे का पाहा, बिनचिकोरीचीच घ्या. ३० ग्रॅम जाडसर पूड २५० मिली गार पाण्यात, फ्रिजमध्ये १२ तास; मग कागदी फिल्टरने गाळा. ग्लासात आधी १० मिली अर्क आणि त्यावर ३०० मिली स्टाऊट हळूहळू ओता. कमी वाटलं तर पुढच्या ग्लासला पाच मिली वाढवा.