ऑफिसातल्या बाईंची ट्रंक
वाचकांचे प्रश्न, जाणकारांची उत्तरे

प्रश्न : आमच्या शाळेत अनेक वर्षं लिपिक असलेल्या बाई या हिवाळ्यात गेल्या. प्रश्नपत्रिका छापायच्या स्टेन्सिल (मेणाचा थर दिलेले कागद) त्याच कापायच्या, समासात वेलबुट्टी काढायच्या, प्रमाणपत्रांवरची नावं कटनिबनं लिहायच्या. घरच्यांनी त्यांची लोखंडी ट्रंक आम्हा माजी विद्यार्थ्यांकडे सोपवली आहे. जूनअखेर शाळा उघडेल तेव्हा प्रदर्शन भरवायचं आहे आणि पुस्तिकाही काढायची आहे. सुरुवात कुठून करावी? (काटोल, जि. नागपूर)

उत्तर : ट्रंक उघडल्याबरोबर कागद विषयवार लावायला बसू नका. आतला क्रम बाईंनीच लावलेला आहे, आणि कोणत्या गॅदरिंगच्या निमंत्रणाखाली कोणता नमुना होता यावरूनच पुढे तारखा लागतात. आधी प्रत्येक थराचा फोटो घ्या, गठ्ठ्यांना पेन्सिलीनं क्रमांक द्या, मगच हात लावा. आणि हे काम कूलरच्या झोतात नको. आपल्याकडच्या उन्हाळ्यात कूलरशिवाय बसवत नाही हे खरं, पण त्या ओल्या हवेनं कागद वळतो आणि शाईपेनाची शाई पसरू शकते. सकाळी लवकर, कूलर बंद ठेवून दोन तास बसा.

गंजलेल्या टाचण्या ओढू नका, कागद फाटेल. स्टेपलरच्या पिनेचे पाय मागून पातळ पट्टीनं उभे करा, मग ती अलगद सुटते. पिवळा पडलेला सेलोटेप आहे तसाच राहू द्या. ओढलात तर अक्षरं घेऊन निघेल. लॅमिनेशन मुळीच नको. ते पुन्हा काढता येत नाही, आणि त्याच्या उष्णतेनं शाई खराब होऊ शकते. जुन्या झेरॉक्स मऊ प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये ठेवल्या की काळी पावडर प्लास्टिकला चिकटते, म्हणून त्यांना कागदी पाकीटच बरं.

सर्वांत जास्त जपायच्या त्या स्टेन्सिल. त्यांच्यावर मेणाचा थर असतो. मे महिन्यात पारा ४५ अंशांवर गेला की पत्र्याच्या छपराखाली तो मऊ होतो आणि स्टेन्सिल एकमेकींना चिकटतात. मध्ये एकेक बटरपेपर घालून त्या आडव्या ठेवा, वर वजन नको. आधीच चिकटलेल्या असतील तर रात्रभर घरातल्या सर्वांत थंड खोलीत ठेवून सकाळी कोपऱ्यातून पाहा. सुटत नसतील तर जोडीच तशी जपा.

प्रदर्शनात स्टेन्सिलशेजारी तिची छापील प्रश्नपत्रिका लावा आणि हे काम कसं चालायचं ते चार ओळींत लिहा. आजच्या मुलांना ते ठाऊक नाही. टंकयंत्राची रिबन बाजूला करून खिळे थेट स्टेन्सिलवर आपटायचे. जिथे मेण कापलं जाई, तिथून सायक्लोस्टाईलची, म्हणजे प्रती काढायच्या यंत्राची, शाई झिरपे. ठोका हलका पडला तर अक्षर पुसट, जोरात पडला तर ‘ठ’सारख्या बंद अक्षराच्या पोटातला तुकडाच निसटायचा आणि छपाईत काळा ठिपका उमटायचा. चूक झाली की दुरुस्तीचं द्रव लावायचं, वाळू द्यायचं, पुन्हा ठोकायचं. वेलबुट्टीसाठी लोखंडी टोकाची लेखणी लागे. हात जरा जड झाला की स्टेन्सिल फाटली, आणि मग संपूर्ण पान पहिल्यापासून. परीक्षेच्या आदल्या आठवड्यात, आवक-जावक सांभाळून, बाईंनी समासात वेल काढली ती अशा कागदावर. ‘कलेची आवड होती’ एवढंच लिहिलंत तर यातलं काहीच पोचणार नाही.

कागद ३०० डीपीआयवर (इंचाला ३०० ठिपके) स्कॅन करा, पासपोर्ट आकाराचे फोटो ६०० वर. स्कॅनिंग अ‍ॅपचा ‘ब्लॅक अँड व्हाइट’ पर्याय पेन्सिलीच्या फिकट रेषा खाऊन टाकतो, तो टाळा. व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवताना फोटो म्हणून नव्हे, डॉक्युमेंट म्हणून पाठवा, नाहीतर तपशील जातो. प्रदर्शनात लावायच्या त्या प्रतीच. स्केचपेनचे रंग उजेडानं फार लवकर उडतात.

प्रश्न : पुस्तिकेसाठी आलेले सगळे लेख सारखेच आहेत. मनमिळाऊ, कष्टाळू, हसतमुख. काय करावं?

उत्तर : ‘बाई कशा होत्या?’ असं विचारलं की हेच शब्द येणार. त्याऐवजी विचारा : टी.सी. घ्यायला गेलात तेव्हा टेबलावर काय होतं? फी भरायला उशीर झाला तेव्हा त्या काय म्हणाल्या, अगदी त्यांच्याच शब्दांत? नोटीस-वहीचं अक्षर कसं होतं? शिपाईकाकांना सगळ्यांत आधी भेटा. ऑफिस उघडल्यापासून कुलूप लागेपर्यंतचा बाईंचा दिवस त्यांनी पाहिलेला आहे.

सालं मात्र आठवणीवर सोडू नका. ‘तेव्हा मुख्याध्यापक कोण होते?’ हे माणसांना बरोबर आठवतं. बऱ्याच शाळांच्या ऑफिसात मुख्याध्यापकांच्या कार्यकाळाचा फलक असतो. तो पाहून साल ताडून घ्या. नोकरीच्या तारखांसाठी सेवापुस्तिकेची प्रत घरच्यांकडे असेल तर तीच प्रमाण. दोन आठवणी जुळत नसतील तर दोन्ही छापा, नावानिशी.

प्रश्न : त्यांच्या सुंदर अक्षरातली दाखल-खारीज रजिस्टरची पानं छापता येतील?

उत्तर : नाही. त्यात विद्यार्थ्यांची जन्मतारीख आणि जात असते, आणि रजिस्टर शाळेचं कायमचं दप्तर आहे. मुख्याध्यापकांची लेखी परवानगी घेऊन फक्त मुखपृष्ठाचा किंवा शीर्षकाच्या ओळीचा फोटो घ्या.

प्रश्न : पुस्तिका किती पानांची असावी?

उत्तर : मध्ये दोन पिना मारायच्या असतील तर पानसंख्येला ४ नं भाग गेला पाहिजे. ए-५ आकाराची ३२ पानं म्हणजे ए-४ चे ८ कागद. कागद ८० जीएसएमचा (चौरस मीटरला ८० ग्रॅम वजनाचा) पुरे, वर २५० चं कव्हर. घडी घातली की आतली पानं बाहेर सरकतात आणि कटिंगमध्ये त्यांचा समास कमी होतो, म्हणून बाहेरचा समास १२ मिलिमीटरपेक्षा कमी ठेवू नका. १० सेंटिमीटर रुंद छापायच्या फोटोला रुंदीत सुमारे १२०० पिक्सेल हवेत. मजकूर युनिकोडमध्ये द्या. नागपुरात सीताबर्डीत द्या की महाल भागात, छापखान्यानं तो जुन्या फॉन्टमध्ये बदलला तर ‘ऱ्या’, ‘र्‍हा’ आणि रफार हमखास बिघडतात. म्हणून अंतिम पीडीएफ एकानं मोठ्यानं वाचावी आणि दुसऱ्यानं मूळ मजकुरावर बोट ठेवून ऐकावी.

प्रश्न : तान्ह्या पोळ्यासाठी, म्हणजे मुलं लाकडी बैल ओढतात त्या सणासाठी, बाईंनी रंगवलेले दोन लाकडी बैल आहेत. रंगाचे पोपडे निघताहेत. नव्यानं रंगवावेत का?

उत्तर : रंगवू नका, वॉर्निशही नको. रंग पोस्टर कलर असेल तर तो पाण्यानं विरघळतो, त्यामुळे ओलं फडकं लावायचं नाही. मऊ कोरड्या ब्रशनं धूळ झटका. निघालेला पोपडा छोट्या पाकिटात घालून त्यावर तो कुठला ते लिहा : ‘डावं शिंग’, ‘झूल, उजवी बाजू’. प्रदर्शनात बैलांना ओल्या फुलांची माळ नको, आणि मुलांना ओढायला वेगळे दोन बैल ठेवा.